साचा तपासणाऱ्या बाई

“चालतंय हो, पण काऊन चालतंय?”

चष्मा कपाळावर सरकवून बाई हे विचारायच्या, तेव्हा सदाशिव पेठेतल्या आमच्या छोट्या ऑफिसात दोघे-तिघे तरी चहाला उठायचे. एरवी बाईंचं मराठी पुस्तकातल्यासारखं. शंका आली की मात्र नागपूर बाहेर यायचं.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. काम अडवतं म्हणून सगळे वैतागतात, आणि स्वतःचं काम पुढे पाठवण्याआधी हळूच त्याच्याच टेबलाशी जातात.

आमचं काम लॅबचे रिपोर्ट इस्पितळांच्या संगणकांवर पोचवायचं. दोन संगणकांनी एकमेकांशी एक्सएमएल नावाच्या त्यांच्या भाषेत बोलायचं, तर कोणती माहिती कुठे येणार, कोणती सक्तीची, हे आधी ठरवावं लागतं. त्या ठरवण्याला स्कीमा म्हणतात. आणि स्कीमा कसा लिहावा याचेही जगभर मानलेले नियम आहेत. आमचे स्कीमा त्या नियमांत बसतात का, ते बाई बघायच्या. नव्या मुलांना सांगायच्या, मोदक तपासायला पुष्कळ जण आहेत, मी साचा तपासते.

तपासणीचं एक सॉफ्टवेअर ऑफिसचं होतं. बाईंनी स्वतःहून दुसरंही ठेवलं होतं. एका साक्षीदारावर लग्नसुद्धा लागत नाही, म्हणायच्या. एकदा माझा स्कीमा पहिल्यात पास झाला, दुसऱ्यात अडकला. डॉक्टरांचा शेरा मी दोन जागी ठेवला होता, एक ऐच्छिक, त्याला लागून दुसरी सक्तीची. साहेबांसमोर बाईंनी ते उलगडलं.

“एकच पाहुणा आलाय आणि तुम्ही दोन पाट मांडलेत. मशीनने त्याला बसवायचं कुठे?”

“अहो बाई, जेवून गेला ना तो? मग झालं की,” मी म्हणालो.

“आपल्याकडे जेवला. दुसऱ्याच्या दारात उपाशी राहील.”

सगळे हसले. मीही हसलो. घरी जाताना मात्र सिग्नलला थांबलो की तेच हसू ऐकू येत होतं.

बाई मनाने वाईट होत्या असं नाही, हे सांगायला हवं. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या विश्रांतवाडीहून बस बदलत सांबारवडीचा डबा घेऊन आमच्या घरी आल्या. बायकोने कृती विचारली. बाई म्हणाल्या, सांगते, पण आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आधी एवढं ठरवून घेऊ. टाके दुखेपर्यंत हसली ती.

त्या दिवशीच कळलं की बाईंची आई नागपुरात एकटी आहे. बाई कित्येक वर्षं कंत्राटावर होत्या. नव्या इस्पितळाचं काम नीट पार पडलं की कायम करतो, असा शब्द साहेबांनी दिला होता. कायम झाल्या की आईला आणणार होत्या. धायरीत तळमजल्यावरची जागासुद्धा पाहून ठेवली होती, आईच्या गुडघ्यांसाठी.

त्या इस्पितळाच्या स्कीमात एक अट होती: नमुना घेतल्याची वेळ रिपोर्टच्या वेळेच्या आधीचीच हवी. अशी अट घालायची सोय नियमांच्या नव्या आवृत्तीत आहे, जुनीत नाही. बाईंनी दोन्ही सॉफ्टवेअरवर तपासलं. दोन्ही नवी आवृत्ती जाणणारी. दोन्हींत पास.

इस्पितळाचा संगणक मात्र जुनीच आवृत्ती समजत होता. हे मला ठाऊक होतं. तिथल्या माणसाने आदल्याच आठवड्यात फोनवर बोलता बोलता सांगितलं होतं. बाईंनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत आलो. खरं असं की, एकदा तरी हिचं चुकावं, असं मला वाटत होतं. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, पाठवा. मी पाठवलं.

पहिल्याच सकाळी तिथल्या संगणकाने साचाच नाकारला. त्या दिवशी रिपोर्टांचे कागद घेऊन मुलं इस्पितळात धावली. कुणाचं बरंवाईट झालं नाही, पण साहेबांना बोलणी खावी लागली. कुणी तपासलं, त्यांनी विचारलं. मी, बाई म्हणाल्या. कायम करायचं राहिलं, आणि मुदत संपल्यावर कंत्राटही वाढवलं नाही.

जायच्या दिवशी बाई टेबल आवरत होत्या. मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि फोनचं सगळं सांगितलं. सगळं, म्हणजे का गप्प बसलो तेही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“समोरचं मशीन कुठलं, हे मी विचारायला हवं होतं. ती माझी चूक, साहेबांना तसं सांगून झालंय. तुम्ही बोलला नाहीत, ती तुमची. ती मी कशी घेऊ?”

आवाज चढला नाही. मग माझ्या बायकोची तब्येत विचारली, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आता गेल्या ना त्या, कशाला उकरून काढता. आणि कुणीतरी बघायला हवं म्हणून स्कीमा तपासायचं काम माझ्याकडे दिलं.

मी नाही म्हणालो नाही. बाईंच्या टेबलाला खिडकी आहे, उजेड चांगला येतो. मी तिथेच बसतो.