पहिलं पाणी

आमच्या चर्चच्या भिंतीचे दगड माझ्या आजानं बैलगाडीत वाहून आणले. तेव्हाचे परदेशी फादर मिस्सा, म्हणजे वेदीवरची रविवारची उपासना, त्यांच्या भाषेत म्हणायचे. आजाले एक अक्षर समजत नसे, तरी गुडघे टेकायचा. ते सारे गेले. तेव्हापासूनचं एक काम मात्र आमच्याच घरात राह्यलं, वेदीवरचे कपडे धुणं. आधी आजी, मग माय, मग माझी बायको.

मिस्सेत फादर द्राक्षरसाचा प्याला ज्या लहान रुमालानं पुसतात, त्याचं पहिलं पाणी मोरीत सांडत नाहीत. मिस्सेत तो रस प्रभूचं रक्त होतो, अन् त्याचा थेंब रुमालात राह्यलेला असतो. ते मातीतच गेलं पाहिजे. बायको ते आंगणातल्या निंबूच्या बुडाशी घालायची.

मी चिडवायचो, "निंबूचा एवढा मान, अन् मले चहा कोणी इचारत नाही."

"निंबू कटकट करत नाही," ती म्हणे.

पोळ्यानंतर आठ दिवसांत ती तापानं गेली. रुमालांची पिशवी खुंटीलेच होती. मी धुवायले बसलो. पावडर टाकली, खसाखसा घासले अन् बादली मोरीत उलटी केली. पाणी गेल्यावर आठवलं. मोरीच्या तोंडाशी हात लावून बसलो. काय हाती लागणार! चाळीस वर्षं नुसतं पाह्यलं होतं, केलं कधी नव्हतं.

रुमाल वाळवले, घडी घालून पिशवीत भरले अन् फादरकडे घेऊन गेलो. फादर माझ्या पोराएवढे.

"पाणी मोरीत घातलं, फादर. माफी द्या."

"मुद्दाम थोडंच केलं, बाबा? पण आता हे काम सिस्टरांकडे देऊ. तुमचंही वय झालं."

"घरात तिचं एवढंच काम चालू हाय. तेही नेता काय?"

जरा जोरातच बोललो.  फादर आत गेले, धुतलेले रुमाल ठेवले अन् रिकामी पिशवी हातात घेऊन आले.

"पाणी कुठं घालाल?"

"निंबूले."

त्या रविवारी वेदीवर माझ्या हातची वाकडी घडी सगळ्यांले दिसली. फादरनं तोच रुमाल उचलला, प्याला पुसला. मिस्सेनंतर वापरलेल्या रुमालांची पिशवी मलेच दिली.

घरी आलो, पहिलं पाणी निंबूच्या बुडाशी घातलं. सवयीनं बोलून गेलो, "निंबूचा एवढा मान, अन् मले चहा कोणी इचारत नाही."

घरातून आवाज आला नाही. पाणी जिरेपर्यंत तिथंच उभा राह्यलो. रुमाल अजून पिळायचे होते.