दस्तगीर मिस्त्रींनी रचलेली पुस्तकं

दीड महिन्यापूर्वी एका सकाळी दस्तगीर मिस्त्रींच्या मुलीचा, शबानाचा फोन आला. "सर, अब्बा गेले," ती म्हणाली आणि थोडं थांबून, "चहात बटर बिस्कीट बुडवून खाल्लं, आणि खुर्चीतच..." मिस्त्री उचगावचे गवंडी. आमचं कॉलेज पत्र्याच्या चार खोल्यांचं होतं तेव्हापासून तिथली प्रत्येक भिंत त्यांच्या हातची. मी तिथला ग्रंथपाल, आता निवृत्त. फोन ठेवला तेव्हा डोळे भरून आले होते, पण खरं सांगतो, दुसऱ्याच क्षणी त्यांनी रचलेली पुस्तकं आठवून मला हसू आलं.

नव्या इमारतीचा पहिला मजला चढला तेव्हा तिथला मोठा हॉल वाचनालयाला द्यायचं ठरलं होतं. मग कार्यालयालाही तोच हवासा झाला. "सोमवारपर्यंत पुस्तकं वर गेली तर हॉल तुमचा," असा निकाल प्राचार्यांनी शुक्रवारी दिला. पुस्तकं होती गळक्या पत्र्याखाली, ओलीनं फुगलेली. आणखी एक पावसाळा त्यांना सोसला नसता. हमाल मिळेनात. मी पायरीवर नुसता बसून होतो...

"सर, मयताला आल्यागत का बसलाय?" मिस्त्रींनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"आवो, स्लॅब एका दिवसात पडतोय की! पुस्तकं काय काँक्रीटपेक्षा जड हाईत?"

रविवारी सकाळी त्यांनी गवंडी, बिगारी आणि वसतिगृहातली पोरं-पोरी यांची रांग लावली, पत्र्याच्या खोलीपासून जिन्यावरून थेट हॉलपर्यंत. घमेली धुऊन पुसून घेतली. स्लॅबला जसं घमेलं हातोहात सरकतं तशी पुस्तकं सरकू लागली. कुणी मधेच एखादं उघडून बघितलं की वरून मिस्त्रींचा आवाज यायचा, "ए बाई, वाचायचं मागनं! माल थटलाय!" स्लॅबच्या दिवशी कामगारांना मटणाचं जेवण द्यायची आपल्याकडची रीत. ती त्या दिवशीही पाळली गेली.

मी खाली गठ्ठ्यांना क्रमांक लावत होतो. दुपारनंतर वर गेलो. कपाटं अजून यायची होती, म्हणून मिस्त्रींनी पुस्तकं विटांसारखी रचली होती. आडवी, जाड खाली, पातळ वर, सांध्यावर सांधा येऊ न देता. इतिहासावर रसायनशास्त्र, त्यावर कादंबरी... माझे क्रमांक कुठल्या कुठे गेले होते.

"ढासळंल काय बघा," ते अभिमानानं म्हणाले आणि त्या भिंतीला खांदा लावून दाखवला.

सोमवारी प्राचार्य आले. चारी बाजूंची पुस्तकं फिरून बघितली. "आता हे कोण हलवणार?" एवढंच म्हणाले, आणि कार्यालय खालीच राहिलं.

ती पुस्तकं लावायला मला वर्ष लागलं. मिस्त्री अधूनमधून डोकावायचे. "पाडलं का न्हाय अजून माझं बांधकाम?" खिडकीजवळचा जुन्या खंडांचा एक कोपरा मात्र मी मोडला नाही. पुढं प्रयोगशाळा झाल्या, आणखी इमारती उठल्या, शबाना त्याच हॉलमध्ये अभ्यास करून शिक्षिका झाली. कोपरा तसाच राहिला.

परवा कॉलेजात गेलो होतो. हॉल पोरांनी गच्च भरलेला, बसायला खुर्ची नव्हती. कोपऱ्याशी उभं राहून मधल्या थरातलं एक पुस्तक हळूच ओढून काढलं. वरचं एकही हललं नाही. मग ते उघडून मी तिथंच उभ्या उभ्या वाचू लागलो.