पाटाच्या पाण्यातली वस्ती

बाटली उन्हाकडे धरायची, डावा डोळा मिटायचा, श्वास रोखायचा आणि मग जाहीर करायचं, "वस्ती बदलली!" आमच्या कॉलनीमागच्या पाटावर सरांचं हे रोजचं नाटक. नवा माणूस दचकायचा. त्याला वाटायचं, मतदारयादीत काही घोळ झाला.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पाण्यात तरंगणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव, म्हणजे प्लवक, हेच त्यांचे खरे शेजारी. आम्ही दिसायचो, म्हणून बहुधा आमच्यात त्यांना रस नव्हता.

सकाळी फिरायला निघालेल्या माणसाची बाही धरून ते सांगत, "धरणातून पाटाला पाण्याची पाळी, म्हणजे आवर्तन, सुटलं की जुने भाडेकरू वाहून जातात, नवे येतात. मळ्यांतलं खत उतरलं की हिरवे माजतात. तुम्ही काठ काँक्रीटचे केलेत, कडेचं गवत गेलं. आता लाजरी मंडळी लपणार कुठे?" एका वास्तुशांतीत तर त्यांनी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तपासलं आणि ऐन पंगतीत यजमानांचं अभिनंदन केलं, "तुमच्याआधी बरीच कुटुंबं राहायला आलीत!" त्या दिवशी मठ्ठा कोणी घेतला नाही.

कॉलनीचे अध्यक्ष अण्णा. दिंडोरीकडे त्यांची द्राक्षबाग. पाटाचा एक बंद फाटा अडवून कमिटीनं तळं केलं, भोवती फरशी घातली, दिवे लावले. उद्घाटनाला आमदार येणार आणि पाणी हिरवंगार! अण्णांनी बागेतला तोडगा काढला. मोरचूद.

"सर, वेलीवर दरवर्षी मारतो. बुरशी पळते. इथं दोन दिवसांत काच करून दाखवतो."

"अण्णा, वेल मोकळ्या हवेत असते. ही मंडळी त्या औषधातच बुडणार. हिरव्यांना खाणारे आधी मरतील, मागोमाग मासे."

"कोण मरणार? दिसत तर कोणी नाय!"

कमिटी खो खो हसली. सर पँट दुमडून तळ्यात उभे राहिले. "न्यूमोनिया होईल हो सर," असं अतिशय आदरानं म्हणत दोघांनी त्यांना उचललं आणि लग्नात रुसलेल्या मामासारखं बाकावर नेऊन बसवलं. मग पोती रिकामी झाली.

पाणी खरंच काच झालं. आमदारांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला, त्यामुळे भाषण लांबलं. टाळ्या थांबेपर्यंत मासे उताणे तरंगू लागले होते. डासांच्या अळ्या खाणारं कोणी उरलं नाही, डास माजले. मग हिरवा थर परत आला, रंगाच्या डब्यासारखा दाट. ताप पहिल्यांदा शिरला तो अण्णांच्याच घरात.

नातीला दवाखान्यात ठेवून अण्णा बाटली घेऊन सरांच्या दारात आले. सरांनी ती उन्हाकडे धरली, डोळा मिटला. तो बराच वेळ उघडला नाही.

"वस्ती उठली, अण्णा."

"आता काय टाकू?"

"काहीच नाही. फाट्याचं दार उघडा, पुढचं आवर्तन येऊ द्या. आणि वाट बघा."

वाट बघायची! असलं काम आमच्या कमिटीनं कधी केलं नव्हतं. अण्णांनी केलं. नात बरी होऊन घरी आली, पण आवर्तन सुटायच्या आत सर गेले, झोपेतच. शोकसभेत त्यांच्या कार्यावर लंबीचौडी भाषणं झाली. 'प्लवक' हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही.

पाणी आलं, वाहिलं, हळूहळू किंचित हिरवं झालं. लगेच कमिटीचे नवे सचिव कुठलीशी पावडर घेऊन हजर. अण्णा काठावरच होते. त्यांनी बाटली भरली, उन्हाकडे धरली, डावा डोळा मिटला आणि ओरडले, "वस्ती आली! कोणी पुढं यायचं नाय!"

सचिव पावडरीसकट मागे सरकले.

मी हळूच विचारलं, "अण्णा, दिसलं काही?"

"मला कुठं काय दिसतंय?" अण्णा बाटली पुसत म्हणाले. "पण कोणीतरी म्हणायला नको का?"