मन साफ करायचा शनिवार

चार माणसांनी मिळून वाईट वागायचं ठरवलं, तर त्यातून किस्से फारसे निघत नाहीत. वाईट वागणं सोपं असतं, त्यात घोटाळे होत नाहीत. किस्से होतात ते चांगलं वागायचं ठरवलेल्या माणसांचे! जुन्या जालन्यातली आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, एवढीशी, पण किस्से मात्र दोन मंडळ्यांना पुरून उरतील एवढे. आणि त्यातले निम्मे एकट्या शमुवेलकाकांचे.

शमुवेलकाका म्हणजे आमच्या गल्लीतले टेलर, मंडळीचे पंच आणि माझे भिंतीला भिंत लावून शेजारी. पवित्र राहायचं, हा त्यांचा एकच ध्यास. "प्रभूपुढं उभं राह्यचंय, रूथ. एक डाग चालत न्हाई," हे मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकत आले. तेव्हा हसायचे. आताही हसते, पण मध्येच थांबते.

* * *

उपास करताना तोंड सुतकी करू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे लोकांना कळणार नाही, असं आमच्या शास्त्रात, बायबलमध्ये, आहे. काकांनी ते तंतोतंत पाळलं. एरवी कापडाला डाग पडेल म्हणून ते केसांना तेलाचं बोटही लावत नसत. उपासाच्या दिवशी मात्र वाटीभर तेल चोपडून दुकानात बसायचे.

व्हायचं ते झालं. कोपऱ्यावरचा चहावाला लांबूनच ओरडायचा, "काका, आज तुमचा चहा कॅन्सल ना? डोकं चमकून राह्यलंय!"

"अरे, ही गुप्त गोष्ट हाय!" काका दातओठ खात म्हणायचे.

"बिलकुल गुप्त! मी कुणालाच सांगितलं न्हाई!"

* * *

काकांनी आपल्या डोळ्यांशीही करार केला होता. परस्त्रीकडे बघायचं नाही. आता टेलर म्हटल्यावर हे कसं जमणार? पण काकांनी जमवलं. बायकांची मापं घेणं बंद. "मापाचा ब्लाउज आणा," एवढंच म्हणायचे आणि नजर मशीनच्या चाकावर. समोर कोण उभं आहे, ते त्यांना फक्त साडीच्या काठावरून कळायचं.

एकदा दुपारी एक नवी साडी दुकानापुढे येऊन उभी राहिली. काका चाकाकडे बघत म्हणाले, "ताई, आज न्हाई होणार. गुरुवारी या."

"अहो, गुरुवारपर्यंत वरण आंबंल!"

डबा घेऊन आलेली मार्थाकाकू होती. त्यांची स्वतःची बायको!

हा किस्सा काकूनंच आम्हाला महिला मंडळात सांगितला. सांगताना इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. ते पदरानं पुसत म्हणाली, "ह्यांनी मला शेवटचं कधी बघितलं, ते प्रभूलाच ठाऊक." त्यावर आम्ही परत हसलो. हसायला नको होतं, असं आता वाटतं.

* * *

टेलरचा धंदा "उद्या या" या दोन शब्दांवर चालतो. काका खोटं बोलत नसत. त्यामुळे त्यांच्याकडे भलताच प्रकार व्हायचा.

"काका, परवा लग्न हाय. सफारी झाली का?"

"न्हाई. कापली बी न्हाई. होईल असं वाटत बी न्हाई."

विचारणारा नवरदेवाचा मामा रडकुंडीला आला. "काका, हात जोडतो, जरा खोटं बोला! मला घरी जाऊन कायतरी सांगायचंय!"

काका खोटं बोलले नाहीत, पण जागून सफारी शिवून दिली. हेही सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता, आणि म्हणूनच हे सगळं अवघड आहे.

* * *

काका-काकूंना एकुलता एक मुलगा, प्रकाश. परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत्याकडे नोकरीला. त्यानं टेंभुर्णीच्या वैशालीशी कोर्टात लग्न केलं. शेतकऱ्याघरची हिंदू मुलगी. लग्नानंतर दोघं पेढे घेऊन आले, तर काका दारात आडवे उभे.

"माझ्या घरात दोन देव राह्यणार न्हाईत."

वैशाली काही कमी नव्हती. म्हणाली, "बाबा, आम्ही राह्यला न्हाई, चहाला आल्तो."

दुसऱ्या कुठल्याही दारात यावर हशा झाला असता. काकांनी दार लावून घेतलं. आत काकूनं त्या दोघांसाठी ठेवलेला चहा उकळून उकळून पातेल्याला लागला. करपल्याचा वास भिंतीपलीकडे माझ्या घरात आला.

त्या दिवसापासून काकूचं एकच मागणं. प्रकाशला एकदा घरात येऊ द्या. एकदाच.

* * *

आता आमच्याकडची एक रीत सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला. ज्याचं कुणाशी भांडण आहे, त्यानं आधी जाऊन समेट करायचा, मगच प्याल्याला हात लावायचा. म्हणून आदल्या शनिवारी सगळे एकमेकांच्या घरी सलाम करायला जातात. हा शनिवार काकांनीच सुरू केला.

गंमत अशी की सगळेच बाहेर पडल्यामुळे घरी कुणीच नसतं! एकदा नळावरून भांडलेल्या दोघी जणी समेट करायला वेगवेगळ्या गल्ल्यांतून एकमेकींच्या घरी गेल्या. दोन्ही दारांना कुलूप. परत येताना चौकात भेटल्या आणि "आधी मी आल्ते" यावरून असं कडाक्याचं भांडण झालं की त्या महिन्यात दोघींचा प्याला हुकला.

काकांचा प्याला मात्र कधी हुकला नाही. एकदा आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "शमुवेलभाऊ, प्रकाशचं काय?"

"माझं मन साफ हाय," काका म्हणाले. "त्याचं न्हाई. यायचं तर त्यानं यावं, देव सोडून."

"अहो, तो येऊन गेला की."

"तिला घेऊन आल्ता."

त्यापुढं पंचाला कोण बोलणार!

* * *

मग काकूचे ब्लाउज सैल व्हायला लागले. काकूनं ते आणून मशीनवर ठेवले, काकांनी टीप आत घेतली. महिन्याभरानं परत आणले, परत आत घेतली. टेलर माणूस, माप किती उतरलं हे त्यांना बराबर कळत होतं. पण मापामागचा माणूस बघायची सवयच राहिली नव्हती.

मी म्हटलं, "काका, काकू किती वाळलीय!"

"उपासानं देह हलका होतो," काका म्हणाले आणि दोरा दातानं तोडला.

शेवटी मीच काकूला डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत, पेशंटला इतक्यात बोलू नका. काका तडक खाटेपाशी गेले.

"मार्था, तुला कॅन्सर हाय. पोटात पसरलाय. सांगू नका म्हणले, पण मी खोटं बोलत न्हाई."

काकू शांत होती. म्हणाली, "बरं झालं सांगितलं. मंग प्रकाशला बी सांगा."

"त्याच्याशी मी बोलत न्हाई."

"हे बी खरंच हाय," काकू म्हणाली आणि तिनं कूस बदलली.

* * *

काकू अंथरुणाला खिळली, तेव्हा पहिल्या रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले. मी उशाशी होते. काका पांढरा शर्ट घालून पायथ्याशी उभे. प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी प्याला काकूच्या ओठांशी नेला, तर तिनं तोंड फिरवलं.

"मला घेता येत न्हाई, पाळकसाहेब. माझं भांडण हाय."

आम्हाला वाटलं, तापात बोलतेय. आख्ख्या मंडळीत जिनं कुणाला अरे म्हणून हाक मारली नाही, तिचं भांडण!

"कुणाशी, मार्थाबाई?"

"ह्यांच्याशी. काल शनिवार होता. मी दिवसभर वाट बघितली."

काका गडबडले. "मार्था, मी तर इथंच होतो. तुझ्याजवळ."

"इथं होता," काकू म्हणाली. "आला न्हाईत."

पाळकसाहेबांनी प्याला रुमालानं झाकला. काका खाली फरशीकडे बघत राहिले. मला त्या क्षणी त्यांचा असा संताप आला की आता मी बोलले तर कायमचं तुटेल म्हणून मी बाहेर आले आणि प्रकाशला फोन लावला. तो वैशालीला घेऊन तसाच निघाला.

तो पोचायच्या आत काकू गेली.

दार उघडंच होतं. मयताच्या घराचं दार कोण लावतं? प्रकाश आत आला, वैशालीही आली. काकांनी अडवलं नाही, आणि बोललेही नाहीत. कबरीत माती टाकताना बाप एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला.

* * *

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार. काका नेहमीसारखे पहिल्या बाकावर. भाकर फिरली, ती त्यांनी नुसती पुढं दिली. शेजारच्यानं वळून बघितलं. मग प्याला आला. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि न पिता पुढं दिला. काकांचा प्याला हुकलेला मंडळीनं प्रथमच बघितला. पेटीवाल्याचे सूर चुकले.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब त्यांच्याजवळ येऊन बसले. मी मागच्याच बाकावर होते.

"शमुवेलभाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "मी येऊ का तुमच्यासंगं? आपण परतूरला जाऊ. प्रकाशशी मिटवून टाकू."

"प्रकाशशी मिटलं, पाळकसाहेब. काल जाऊन आलो. त्याच्या घरी जेवलो. सुनेच्या बी पाया पडत होतो, तिनं पडू दिलं न्हाई."

"मंग?" पाळकसाहेबांना काही कळेना. "मंग आता भांडण कुणाशी राह्यलं?"

काकांनी मान वर केली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं.

"मार्थाशी. तिच्याकडं कोणत्या शनिवारी जाऊ, तेवढं सांगा."