शिट्टीकाकांचा रविवार

बागेतली छोटी गाडी चालवणाऱ्या माणसाला सगळे शिट्टीकाका म्हणत. इंजिनाला भोंगा होता, पण तो वाजला की तान्ही पोरं दचकून रडत. म्हणून काका तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारत आणि मगच गाडी हलवत.

बघणाऱ्याला वाटतं, गाडी रुळावरून जाते, माणूस नुसता बसून असतो. त्याने एकदा बसून बघावं. तळ्याभोवती वळण, वळणावर उतार आणि उताराच्या पायथ्याशी अरुंद लाकडी पूल. पुलाचा कठडा डब्याला इतका खेटून, की बाहेर लोंबणारा पाय मोडलाच म्हणून समजा. काका उतारावर ब्रेक असा हळूहळू आवळत, की मांडीवर झोपलेलं मूल जागं होत नसे. संध्याकाळपर्यंत उजवा खांदा असा भरून येई, की शर्ट काढायला बायको लागे.

आधी ते कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला आणि ते बागेत लागले. जुन्या सोबत्यांनी चिडवलं, "आता खेळण्यातली गाडी चालवणार?" काका म्हणाले, "गाडी खेळण्यातली असेल. बसणारी माणसं खरी आहेत."

बायको तिकिटाच्या खिडकीवर. रविवारी सगळं गाव पोराबाळांसकट बागेत लोटे, तेव्हा या दोघांना मान वर करायला फुरसत नसे. सोमवारी बाग बंद. म्हणून त्यांच्या घरात सोमवारालाच रविवार म्हणत. शाळा सुटली की मुलगी दप्तरासकट बागेत येई. रिकाम्या हिरवळीवर चादर पसरून तिघं जेवत. मग काका चाकांना ग्रीस लावत, मुलगी तेलाची बुधली धरून उभी राही. शेवटी तिला डब्यात बसवून आईबाप मागून ढकलत. इंजिन त्या दिवशी बंद असे.

"लोकांच्या पोरांना इंजिन, आणि मला तुम्ही दोघं," मुलगी म्हणे.

"आम्हाला डिझेल लागत नाही," आई म्हणे.

मुलगी मोठी झाली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागली, आणि तिथल्याच एकाशी लग्न करायचं तिने ठरवलं. त्याच्या घरात आईचा शब्द शेवटचा. आईने फोन करून विचारलं, "तुमच्या माणसांना भेटायला कधी येऊ?" मुलगी आधीच गांगरलेली. म्हणाली, "रविवारी या. बाबांना सुट्टी असते."

बाई रविवारी आल्या. मुलाची ड्यूटी होती, म्हणून मोठ्या मुलाची दोन पोरं सोबत घेतली होती. बघतात तर दाराला कुलूप.

शेजारीण म्हणाली, "रविवारी ही माणसं घरात कुठली? बागेत असतात सगळी."

"पाहुण्यांना बोलावून फिरायला गेली?" बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण बागेचं नाव ऐकल्यावर नातवंडं कसली ऐकतात.

काका नेहमीसारखे प्रत्येक डबा तपासत येत होते. मागच्या डब्यात निळी छत्री घेतलेल्या एका बाईचा पाय बाहेर होता.

"ताई, पाय आत घ्या."

"गुडघा दुमडत नाही माझा. राहू दे असाच."

"मग गाडीपण राहू दे अशीच."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काका, सोडा ना. पाय त्यांचा आहे, तुमचा नाही."

"पूल माझा आहे," काका म्हणाले.

तेवढ्यात, सुट्टी म्हणून आईच्या मदतीला बसलेली मुलगी खिडकीकडून धावत आली. तिला नुकताच त्याचा फोन आला होता, आई बागेत गेलीय म्हणून. बापाला बाजूला ओढून ती कुजबुजली, "बाबा, निळी छत्री म्हणजे त्याची आई. मी आपला रविवार सांगितला, आणि त्या आल्या लोकांच्या रविवारी. आधीच रागावल्यात. आज तेवढं चालवून घ्या."

एकुलती एक मुलगी, तिने आजवर काही मागितलं नव्हतं. त्यांनी ग्रीसचे हात पँटला पुसले. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पुलाकडे. मग बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"दुमडत नसेल तर सरळ ठेवू. पण आतच."

इंजिनाच्या मागच्या जागेत त्यांची हत्यारांची जड पेटी असे. ती त्यांनी ओढून काढली, फलाटावर ठेवली आणि तिथे आपलं जाकीट घडी करून अंथरलं. बाई लंगडत आल्या, पाय लांब करून बसल्या. मुलगी खांबाला धरून उभी राहिली. तिच्या मनाने लग्न मोडून झालं होतं.

गाडी उताराला लागली. बाईंना समोर काकांचा हात दिसत होता. मनगटाच्या शिरा तटतटून फुगलेल्या, आणि डबा मात्र पाण्यावरून गेल्यासारखा. मग पूल आला. कठडा डब्याच्या कडेला जवळजवळ घासत गेला. बाईंनी आपल्या पायाकडे पाहिलं.

फलाटावर सगळे उतरले, त्या बसूनच राहिल्या.

"फोटोतली मुलगी तुमच्या कानाला लागली, तेव्हाच मला कळलं तुम्ही कोण ते. तरी मला उठवलंत."

"उठवलं," काका म्हणाले.

"बरं केलंत. आमच्या घरात मला उठवायची कुणाची छाती नाही."

नातवंडं त्यांच्या पदराला झोंबत होती, पुन्हा बसायचं म्हणून. बाईंनी मुलीला हाक मारली, "इकडे ये गं. सकाळपासून दोघं डोकं खातायत, काकू कुठंय, काकू कुठंय. घेऊन बस यांना."

मुलीने बापाकडे पाहिलं. काका पेटी उचलायला वाकले होते.

"तिकीट काढून," ते म्हणाले.