मागचे काका एकटे वाजवतात

एकतीस वर्षं वाद्यवृंदात साथीच्या, म्हणजे दुसऱ्या व्हायोलिनांच्या शेवटच्या रांगेत बसणाऱ्या माणसाला सगळे ‘मागचे काका’ म्हणत. काकांना त्यात कमीपणा वाटत नसे. पुढच्यांना टाळ्या मिळतात, मागच्याला भिंत मिळते, असं ते म्हणायचे, आणि संधी मिळाली की खुशाल पाठ टेकून बसायचे.

अशा काकांवर एकसष्टाव्या वर्षी एकट्याने वाजवायची पाळी आली. नवी रचना मेंढपाळांच्या गाण्यांवर बांधलेली होती आणि तिच्यासाठी हार्प हे उभ्या तारांचं मोठं वाद्य वाजवणारी एक तरुण बाई बाहेरून येणार होती. रचनाकाराने त्यात एक टूम काढली होती. हार्पवालीचं एकटीचं वादन संपलं की मेंढपाळाची मूळ चाल डोंगरापलीकडून आल्यासारखी ऐकू यावी, म्हणून ती सगळ्यांत मागच्या व्हायोलिनने एकट्याने उचलायची. पाऊण मिनिटाचं काम, पण सगळं सभागृह श्वास रोखून ऐकणार.

हातात काठी घेऊन सगळ्यांना चालवणारे संचालक म्हणाले, “काका, तिथे मी हात दाखवणार नाही. ती वरची तार तीनदा छेडेल, अगदी हलकेच. तिसरा सूर विरला की तुम्ही सुरू करा. तुमच्या कानांवर माझा भरवसा आहे.”

गोची तिथेच होती. गेली दोन वर्षं काकांना वरचे सूर ऐकूच येत नव्हते. केटलीची शिट्टी गेली, पाखरं गेली, फोनची किणकिण गेली. खालचे आवाज ठणठणीत यायचे, म्हणून निभत होतं. बाकीचं ते शेजारच्यांचे हात बघून वाजवायचे. बायकोलासुद्धा त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. वादकाने कान गेले म्हणून सांगणं म्हणजे शिंप्याने डोळे गेले म्हणून सांगणं. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर दुसरा बसलेला दिसायचा. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

वाद्यवृंदात स्वरलिपीचे कागद ठेवायला दोघांत एक स्टँड असतो. काकांच्या स्टँडवर दुसरी वादक होती दहा वर्षांनी लहान, पण जिभेने मोठी. कानामागून आली नि तिखट झाली, असं काकांचं तिच्याविषयी स्पष्ट मत होतं. दोन वर्षांपासून तिला एक खोड लागली होती. वाजवायला सुरुवात करायची वेळ आली की ती काकांना कोपराने ढोसायची.

“त्या बाईचं कोपर आहे की खुंटी?” काका घरी करवादायचे.

“मग सांगा ना तिला तोंडावर,” बायको म्हणायची.

“तिच्या तोंडी कोण लागणार!”

तालमीत काकांनी हार्पकडे टक लावून पाहिलं आणि त्यांना युक्ती सापडली. हार्पच्या बहुतेक तारा पांढऱ्या असतात, पण वाजवणारीला ठिकाण चुकू नये म्हणून मध्ये मध्ये लाल आणि काळ्या तारा ओवलेल्या असतात. शेवटचे तीन सूर वरच्या एका लाल तारेचे होते. हार्पवालीची बोटं आधी शेजारच्या पांढऱ्या तारांवर हवी तशी बागडायची, मग लाल तार एकदा, दोनदा, तीनदा. कान नसेनात, डोळे होते. तिन्ही तालमींत काकांनी बिनचूक वाजवलं. संचालकांनी पाठ थोपटली तेव्हा स्वारी मनातल्या मनात स्वतःलाच शाबासकी देत होती.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता. बायको वर गॅलरीत बसली होती. सगळं सुरळीत चाललं होतं, पण प्रकाशयोजना करणाऱ्याला ऐनवेळी वाटलं की मेंढपाळ म्हटला की संध्याकाळ हवी. हार्पचं एकटीचं वादन सुरू झालं आणि सगळा रंगमंच लालभडक उजेडात बुडाला.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. काळ्या तारा तेवढ्या काळ्या राहिल्या होत्या. पांढऱ्या आणि लाल, सगळ्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या. हार्पवालीची बोटं वर सरकली. ही पांढरी की लाल? हा पहिला की दुसरा? की झालेसुद्धा तीन? संचालकांचे दोन्ही हात खाली होते. काकांनी व्हायोलिन गळ्याशी धरलं, गज तारेवर टेकवला. आज सगळ्यांसमोर एकतीस वर्षांचं मातेरं होणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

तेवढ्यात त्यांच्या बुटावर एक बूट पडला. हलकेच एकदा. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा, आणि हा तिसरा दाब हळूहळू सैल होत उचलला गेला.

काकांनी गज ओढला. चाल खालच्या तारांवरची होती, त्यांना ती स्वतःला नीट ऐकू येत होती, आणि ती सुंदर वाजत होती.

टाळ्या झाल्या. संचालकांनी बोट दाखवून काकांना उभं केलं. उभं राहताना त्यांना शेजारणीकडे बघायचा धीर झाला नाही.

वाद्यं ठेवायच्या खोलीत दोघंच उरल्यावर त्यांनी विचारलं, “तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“दोन वर्षं झाली. तालमीत त्या बासरीवाल्याचा वरचा सूर असा काही चिरकला, की सगळे खो खो हसले. तुम्ही आपले शांतपणे गजाला राळ लावत बसलेले.”

“मग बोलला नाहीत कधी?”

“तुम्ही बोलला नाहीत, मी कशाला बोलू? कोपराने काम भागत होतं. आज तुमचा गज धरलेला हात हलवून चाललं नसतं, म्हणून पाय दिला.” तिने पेटीची कडी लावली. “पण काका, आता डॉक्टरला कान दाखवा आणि संचालकांना तुमच्या तोंडाने सांगा. मशीन मिळतं. हा बूट नवा आहे माझा.”

काकांना एकदम भरून आलं. ज्या कोपराच्या नावाने दोन वर्षं खडे फोडले, त्यानेच त्यांची खुर्ची धरून ठेवली होती. “बाई,” ते म्हणाले, “तुमचे उपकार फिटायचे नाहीत. मी तुम्हाला फार नावं ठेवली हो घरी.”

“ठेवा की. मीही ठेवते तुम्हाला,” ती म्हणाली आणि दिवा बंद करून निघाली.

घरी जाताना बायको भलतीच खुशीत होती. “अहो, तुमचं सुरू व्हायच्या आधी तो हार्पचा सूर तीनदा वाजला ना, अंगावर काटा आला माझ्या. किती गोड होता, नाही?”

‘हो तर’ अगदी जिभेवर आलं होतं. दोन वर्षं तेच तर म्हणत आले होते ते. काका फुटपाथवर थांबले.

“मला तो ऐकू आला नाही गं,” ते म्हणाले. “वरचं काहीच ऐकू येत नाही मला. दोन वर्षं झाली. कसा होता, सांगशील?”

रागवायला तोंड उघडलं होतं बायकोने, पण रागावली नाही. येणारे-जाणारे बाजूने वळून जात होते. तिने काकांच्या दंडाला धरलं, त्यांच्या कानाशी आली आणि आपल्या जाड्याभरड्या, बेसूर आवाजात तो सूर तीनदा म्हणून दाखवला.