इंचाच्या दोन रेघा

मी चौथी पास. पण माझ्या चिठ्ठीवर कोणी बोट ठेवलेलं मला चालत नाही. एकदाच ठेवलं होतं. मध्य प्रदेश नवा नवा झाला तेव्हा मी तुकोगंजात पाईपांच्या स्टोअरवर होतो. चार इंची पाईप पाठवायचा होता. चिठ्ठीवर ‘पाईप 4’ लिहिलं, आकड्यापुढच्या इंचाच्या दोन रेघा राहिल्या. चार म्हणजे चार नग समजून पाऊण इंचीचे चार पाईप गेले. चर दोन दिवस उघडा पडला, त्यात एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. फोरमन म्हणाला, “दो लकीर खींचने में हाथ दुखता था क्या?”

तेव्हापासून बिनरेघांचा आकडा दिसला की मी पेन काढतो.

पुढे स्वतःचं दुकान काढलं. म्हातारपणी सूनबाई कॉम्प्युटरवर लेबलं करायला लागली. त्या सकाळी राजेंद्र नगरच्या नव्या दवाखान्याचा माल निघायचा होता. पाईपाचं नाव, आकडा आणि रेघा फॉर्म्युल्याने आपोआप जुळणार होत्या. सगळ्या लेबलांच्या नमुन्याचा कागद निघाला, रेघांशिवाय. रेघा टाकल्या की मशीन एरर दाखवायचं.

“बाबा, अक्षरं कुठे सुरू झाली, कुठे संपली, ते मशीन याच खुणेने ओळखतं. आपल्या रेघा आल्या की त्याला वाटतं, संपलं.”

“मग सांग त्याला, ही इंचाची आहे.”

“सांगतेय. ऐकत नाही. तुमच्यावर गेलंय.”

बाहेरून ड्रायव्हर ओरडला, “बाबूजी, आधे घंटे में नो एंट्री लग जाएगी!”

“अक्षरात ‘इंच’ लिहू?” सूनबाईने विचारलं.

“इंजिनीअरच्या यादीत रेघा आहेत. यादीसारखं नसलं तर माल परत. आणि रेघांशिवाय माझं एक बंडल हलणार नाही.”

ती एकेक युक्ती करून बघत राहिली. शेवटी तीच खूण तिने लागोपाठ चारदा दाबली. बाहेरच्या दोन मशीनसाठी, आतल्या दोन मिळून आपली एक. पडद्यावर आलं: पाईप 4"

लेबलं छापली. मी एकेक डोळ्याजवळ धरून पाहिलं. मग लक्षात आलं, टेबलावर नमुन्याचा कागद नाही.

“वो तो मैंने काट के गाड़ी के बंडलों पे चिपका दिया, बाबूजी,” ड्रायव्हर म्हणाला. “टाइम बचाया.”

मी गाडीवर चढलो. सूनबाई खालून ओरडत होती, “बाबा, गुडघे!” नवी लेबलं चिकटवत बसलो असतो तर नो एंट्री लागली असती; हाताला लागली त्या लेबलांवर पेनने रेघा ओढल्या. रेघा तिरक्या आल्या, पण आल्या. दोन बंडलं मात्र अगदी तळाशी होती. उतरवायला वेळ नव्हता.

“भिया, सरक जरा,” म्हणत मी केबिनमध्ये बसलो. “गेटवर माल उतरायच्या आधी मला उतरव.”

राजेंद्र नगर येईपर्यंत पेनाला टोपण लावलं नाही.